बाईंच्या आवाजात बोलणारी मुलगी

“इकडं बघ. माझ्या तोंडाकडं बघून बोल.”

असं म्हणत बाई समोरच्याची हनुवटी दोन बोटांत धरायच्या आणि अलगद आपल्याकडे वळवायच्या. समोरचा चार वर्षांचा असो की चाळीस, त्यांना फरक पडायचा नाही. एकदा आमच्या चर्चच्या मंडळीच्या जेवणात आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, मोबाईलवर बोट फिरवत त्यांना विचारत होते, भात अजून मागवायचा का. बाईंनी साहेबांची हनुवटी वळवली आणि म्हणाल्या, “हं, आता विचारा.” साहेबांनी निमूटपणे पुन्हा विचारलं. भात पुरेसा होता.

तुमच्याही पाहण्यात अशा बाई असतील. मोठी माणसं देवाचं ऐकत असतात तेव्हा लेकरांना मागच्या खोलीत घेऊन बसायचं काम कुणीतरी करतं, आणि ते कोण करतं याचा विचार कुणी करत नाही. आम्ही ख्रिस्ती लोक त्याला संडेस्कूल म्हणतो. आमची मंडळी लहान. आकुर्डीत एका शाळेचा हॉल आम्हाला रविवारी मिळतो. बहुतेक कुटुंबं नगर, जालन्याकडून पोटासाठी आलेली, निम्मी चाकणच्या कंपन्यांत कामाला. बाई नगरकडच्या. बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. चाकणला डिस्पॅचमध्ये दिवसभर ड्रायव्हर लोकांशी डोकं लावून मी घरी आले की जिन्यात त्यांची गाठ पडायची, आणि माझीही हनुवटी वळवली जायची.

त्यांच्या वर्गाचा एक नियम होता. नाताळात प्रत्येक लेकरानं सगळ्या मंडळीसमोर उभं राहून काहीतरी पाठ म्हणायचं. बायबलमधलं एखादं वचन, जमलं तर अख्खी गोष्ट. ज्याचं लेकरू न अडखळता म्हणतं त्या आईबापांना पुढचं वर्षभर लोक आधी सलाम करतात. आमच्याकडे हे चालतं. सोसायटीत गाडीवरून माणसाची किंमत ठरते, मंडळीत पाठांतरावरून.

लॉकडाऊन लागला, हॉल बंद झाला. बाईंना दम्याचा त्रास, त्यामुळे त्या दारही उघडत नव्हत्या. एक-दोन रविवार त्यांनी कसेबसे काढले. मग फोनवरून माझ्याकडून व्हिडिओ कसा काढतात ते शिकून घेतलं, ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवला आणि गोष्ट सांगितली. देवळात झोपणाऱ्या पोराची ती बायबलमधली जुनी गोष्ट. देव त्याला नावानं हाक मारतो आणि त्याला वाटतं, म्हातारे गुरुजीच हाक मारताहेत. बाई गोष्टही सांगत होत्या आणि स्वयंपाकही करत होत्या. त्यामुळे मध्येच “थांबा हं लेकरांनो, गॅस बारीक करते” आलं, खोकला आला, कुकरची शिट्टी आली. शेवटी “चला, भांडी पडलीत. आमेन.” मी म्हटलं, बाई, पुन्हा नीट काढा. तर म्हणाल्या, “का? घरात गोष्ट सांगताना कुकर होत नाही व्हय?”

तो व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर गाजला. आयांचे फोन यायला लागले. बाई, तुमची गोष्ट लावली की पोरगं गपगुमान जेवतं. बाई, अजून एक पाठवा, हा पाठ झाला. बाईंनी पाठवला. मग रोजच पाठवायला लागल्या. त्या बंद दाराआड त्या जितक्या खुशीत होत्या तितक्या खुशीत मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. आपल्या गोष्टी जालन्याला, सांगवीच्या मंडळीत, कुठे कुठे पोचल्या हे त्या मला फोनवर सांगायच्या आणि म्हणायच्या, “देवानं कुठनं वाट काढली बघ.”

तळमजल्यावर सुनीता आणि तिचा नवरा विलास राहायचे. जालन्याकडचे, आमच्याच मंडळीतले. दोघंही चाकणजवळ निघोज्याच्या बाजूला एकाच कंपनीत. कंपनी लवकर सुरू झाली. शिफ्ट मुद्दाम उलटसुलट घेतलेल्या, म्हणजे मुलीजवळ घरात कुणीतरी असावं. असायचं कुणीतरी, पण झोपलेलं. मुलीचं नाव कृपा. तिच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये बाई. सुनीता अभिमानानं सांगायची, “आमची कृपा गाणी बघत नाही, कार्टून बघत नाही. देवाचंच बघती.” आता यात चूक काढणार कोण? देवाचं आहे म्हटल्यावर त्याला कुणी मोबाईल म्हणतच नव्हतं.

पुढे हॉल उघडला. पहिल्याच रविवारी सुनीतानं कृपाला बाईंच्या खोलीत आणून सोडलं. मी मदतीला होते. तीन-साडेतीन वर्षांची गोरीगोमटी पोर, केसांना तेल लावून दोन शेंड्या. ती मध्येच उभी राहिली आणि बोलायला लागली. देवळातल्या पोराची गोष्ट, सुरुवातीपासून, एक शब्द न चुकता. आम्ही सगळ्या आया दाराशी जमलो. गोष्ट अर्ध्यावर आली आणि कृपा म्हणाली, “थांबा हं लेकरांनो, गॅस बारीक करते.” मग बाईंसारखी खोकली. मग ओठांचा चंबू करून कुकरची शिट्टी वाजवली. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी म्हणालं, ही देवाची देणगी आहे, या मुलीवर देवाचा हात आहे.

बाई हसत नव्हत्या. त्यांनी गोष्ट संपू दिली आणि हाक मारली, “कृपा.” पोर भिंतीकडे बघत होती. पुन्हा हाक मारली, आणखी जवळून. काही नाही. मग त्यांनी आपली नेहमीची दोन बोटं तिच्या हनुवटीला लावली. तोंड वळलं, डोळे वळले नाहीत. “पाणी पाहिजे का बाळा?” बाईंनी विचारलं. कृपा म्हणाली, “पाणी पाहिजे का बाळा?” तोच हेल, तोच नगरी सूर. दाराशी पुन्हा हशा झाला. माझं हसू मात्र तिथंच थांबलं, कारण बाईंनी चटका बसल्यासारखी बोटं मागे घेतली होती.

त्या दिवशी जिन्यात बाई माझ्या दाराशी टेकून उभ्या राहिल्या. “पोरीला खरंच पाणी हवं होतं,” त्या म्हणाल्या. “तिनं काय केलं माहितीय? माझं मनगट धरलं आणि हात माठाकडं ओढला. माझ्याकडं बघितलंच न्हाई. माझा हात म्हणजे काय पक्कड हाय?” मग म्हणाल्या, “तिच्या तोंडात मीच हाय गं. ती कुठंच न्हाई. मला भ्या वाटलं लेकराचं.”

माझी मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती. मी आत जाऊन तिला हाक मारली. ती वळली. पुन्हा मारली, वळली. तिसऱ्यांदा मारल्यावर तिनं असं काही तोंड केलं की हिला झालंय तरी काय. मी मोबाईल कपाटाच्या वर ठेवला. त्यानंतर कितीतरी दिवस मी उठल्यासुटल्या लेकीला हाका मारत होते. नवरा म्हणायचा, अगं तिला जगू दे.

बाई सुनीताकडे गेल्या. पोरीला डॉक्टरकडे न्या म्हणाल्या. सुनीताला ते लागलं. लागणारच की. गावाकडून आलेली ती दोघं आजवर हॉलमध्ये चपलांजवळ बसायची. आता लोक त्यांना पुढे बोलवत होते. ज्या पोरीमुळे बोलवत होते तीच आजारी आहे, हे तिनं कसं ऐकावं? ती म्हणाली, “आख्ख्या मंडळीत माझ्या लेकराएवढं पाठ कुणाला आहे? तुमच्याच गोष्टी म्हणती, तरी तुम्हाला बघवत नाही का बाई?”

नाताळ जवळ आला. पाळकसाहेबांनी कृपाचं नाव सगळ्यात शेवटी, मानाच्या जागी घातलं. बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. “साहेब, माझी लेकरं पाठ म्हणतात. विसरतात, रडतात, मधलं एखादं वाक्य खातात, आईकडं बघतात. हे पाठ न्हाई. ही टेप हाय माझी. हिला उभी करू नका.” साहेब चांगले माणूस, पण त्यांना त्यात म्हातारपणाचा हेवा दिसला. ते हसून म्हणाले, “बाई, तुमच्या सेवेचंच हे फळ आहे. आनंद माना.” रस्त्यात बाई स्वतःशीच पुटपुटत होत्या, “फळ, म्हणे.”

नाताळच्या कार्यक्रमाला हॉल खच्चून भरला होता. कृपाला लाल फ्रॉक घातला होता. ती माईकसमोर उभी राहिली आणि सुरू झाली. गॅसपाशी लोक हसले, शिट्टीला टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या तशी तिनं दोन्ही कान हातांनी दाबून धरले, पण बोलणं थांबलं नाही. टाळ्यांमुळे मध्येच कुठेतरी तिची वाट चुकली असावी, कारण शेवट यायच्या आधीच ती पुन्हा पहिल्या वाक्यावर गेली. लोक पुन्हा हसले. मग ती तिसऱ्यांदा पहिल्या वाक्यावर गेली. आता कुणी हसलं नाही. सुनीतानं पुढे जाऊन तिला उचललं, तर पोर कडक झाली, डोळे वर छताकडे, आणि तोंड चालूच. आवाज चढत चालला होता. विलासनं माईक बंद केला. साहेब “बस बाळा, बस” म्हणत राहिले. मला त्या लाल फ्रॉकची भीती वाटत होती, हे मी आज सरळ सांगते.

बाई मागून उठल्या. धापा टाकत स्टेजवर चढल्या, आईच्या कडेवरच्या त्या पोरीच्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “चला, भांडी पडलीत. आमेन.”

कृपा थांबली. बटण दाबल्यासारखी थांबली. बाई तिथेच स्टेजच्या पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. हॉलमधल्या कुणालाही त्यांच्याजवळ जायचं सुचलं नाही, मलासुद्धा नाही.

त्यानंतर सुनीतानं स्वतःच कृपाला डॉक्टरकडे नेलं, बाईंना सोबत घेऊन. डॉक्टर भला निघाला. कानांची तपासणी झाली, कान चांगले होते. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे आठवड्यातून जायचं ठरलं. बाईंनी त्याला विचारलं, “डॉक्टर, माझ्या व्हिडिओंनी केलं का हे?” तो म्हणाला, “आजी, एवढं सरळ नसतं ते. एखादं मूल मुळातच असं असतं, एखाद्याला आणखी काही असतं. पण या मुलीला आता माणसं पाहिजेत. समोर बसलेली, उत्तराची वाट बघणारी.” बाईंनी त्यातलं शेवटचं तेवढं घेतलं. पहिलं त्यांनी स्वतःला कधी लागू केलं नाही.

त्या दिवसापासून कृपा सकाळपासून बाईंकडे. आणि दुपारी ऊन कलल्यावर बाई तिला काखोटीला मारून घरोघर फिरायच्या, व्हिडिओ पुसायला. समोर उभ्या राहून पुसून घ्यायच्या. वर विचारायच्या, “मोबाईलच्या पोटातनं पण गेलं ना? नक्की?” लोक हो म्हणायचे. काही जण तोंडावर हो म्हणून ठेवून घेत असणार, इतक्या सोयीची गोष्ट कोण सोडतं? आणि जे पुढे गेले होते त्यांचं काय करायचं? बाई एकदा माझ्या ओट्याला टेकून म्हणाल्या, “माझी तोंडं किती झालीत गं. कुठल्या गावात, कुठल्या लेकराम्होरं मी आत्ता बोलत असंल, मला ठाव न्हाई.” हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला त्याची धास्ती दोन दिवसांनी बसली.

कृपाला घरी शिकवायची त्यांची रीत बघण्यासारखी होती. त्या बोलायच्याच नाहीत. ज्या बाईंना गप्प बसणं शिक्षा वाटायची, त्या पेला हातात धरून नुसत्या बसायच्या. पोरीनं बघेपर्यंत. ती हात ओढायची, बाई हात सैल सोडायच्या. ती किंचाळायची, लाथा मारायची. वरच्या मजल्यावरून ते सगळं मला ऐकू यायचं. मी लेकीला घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

आणि मग वाईट झालं. मोबाईल सुटला तशी कृपाची गोष्टही सुटली. आधी कुकर गेला, मग खोकला गेला, मग एकेक वाक्य. होळीच्या सुमारास पोर पूर्ण मुकी झाली. सुनीता फर्स्ट शिफ्ट करून आली ती थेट वर गेली. दार उघडंच होतं. “बोलत होती तेवढं बी गेलं की बाई. निदान देवाचं नाव तरी यायचं तोंडात. काय केलंत माझ्या लेकराचं?” सुनीता मुलीला उचलून खाली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पुन्हा आणून सोडून गेली, कारण शिफ्ट होती आणि दुसरं कुणी नव्हतं.

त्या दिवसांत बाई मला घाबरलेल्या दिसायच्या. प्रार्थनेला बसल्या की लगेच उठायच्या. “काय मागू तेच कळंना,” म्हणायच्या. “मी तिचं तोंड उघडतेय का बंद करतेय? एवढं कुणी सांगा मला.” मी म्हटलं, बाई, सगळं ठीक होईल. त्यांनी माझी हनुवटी धरली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “तुलाबी ठाव न्हाई.” ते खरं होतं. मी उगाच धीर देत होते आणि मलाच धीर नव्हता.

एका रविवारी उपासनेहून आल्यावर दारावर थाप पडली. बाई हातात ताटली घेऊन उभ्या, पायात चप्पल नाही, छातीवर रश्श्याचा ओघळ. मला वाटलं पोरीला काही झालं. “नको म्हणाली,” बाई म्हणाल्या. मला कळेना. “दुधी भरवत होते. माझ्याकडं बघितलं, ताटली लोटली आणि म्हणाली, नको. मला. माझ्या तोंडावर. माझ्या एका बी गोष्टीत नको न्हाई गं, कुठंच न्हाई. हे तिचं हाय.” त्या हसत होत्या आणि धाप लागून खोकत होत्या. तो उरलेला दुधी आम्ही दोघींनी माझ्या दारातच उभ्याने खाल्ला. अळणी होता. कृपाचं बरोबर होतं.

नको नंतर दे आलं. मग बस आलं, मग विलासला बघून पप्पा. दोन शब्द जोडायला तिला आणखी काही महिने लागले. सुनीता जिन्यात बाईंच्या पाया पडली तेव्हा बाईंनी तिला झटकलं, “आधी तिच्याशी बोलत जा. दमून आलीस तरी बोल.” पाळकसाहेबांनी पुढच्या नाताळला कुणालाच शेवटची मानाची जागा दिली नाही.

नंतरच्या हिवाळ्यात बाईंचा दमा वाढला. चार दिवस दवाखान्यात होत्या आणि तिथेच गेल्या. कफनपेटीभोवती त्यांच्या वर्गातून मोठी झालेली किती पोरं होती, कंपनीचे युनिफॉर्म घालून आलेली. सुनीतानं कृपाला आणलं नव्हतं. बाई गावाला गेल्या असं तिला सांगितलं होतं. मला ते पटलं नाही, पण पोरीला काय सांगायचं हे मलाही ठरवता आलं नसतं.

पुढे मी रोज कामावर जात होते, येत होते. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. आणि एका दुपारी बसमधून उतरून बिल्डिंगमध्ये शिरले तर तळमजल्यावरून बाईंचा आवाज आला. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले.

दार अर्धवट उघडं होतं. आत कृपा जमिनीवर बसलेली, पुढ्यात वरणभात, समोर डब्याला टेकवलेला मोबाईल. सुनीता ओट्यापाशी कणीक मळत होती. मला बघून ती ओशाळली. “आईकडं जालन्याला राहिला होता हा एक व्हिडिओ,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “काय करू मी? बाई गेल्यापासून खाईनाच झाली ती. सारखी वर जाती, दार वाजवती.” मी चौकटीला टेकून आत बघत राहिले.

मोबाईलमधल्या बाईंनी विचारलं, “मग लेकरांनो, त्या पोराला हाक कुणी मारली असंल? सांगा बरं.” आणि लगेच त्या पुढचं सांगायला लागल्या.

कृपानं हातातला घास खाली ठेवला. विचार केला. मग म्हणाली, “देवानं.” पातळ, थोडा घोगरा आवाज. हा आवाज मी याआधी या पोरीच्या तोंडून एवढा स्पष्ट ऐकला नव्हता. तो बाईंचा नव्हता, तिचाच होता. ती थांबून राहिली. बाईंची गोष्ट तोवर कुठल्या कुठे पोचली होती. ती गुडघ्यांवर उठली, तोंड मोबाईलच्या अगदी जवळ नेलं आणि पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, “देवानं.”

बाई सांगतच राहिल्या.

“बाई,” कृपा म्हणाली, “मी बोलायलीय.”